डाव्या जाळीची हवा

१

लुईसचं गॅरेज गिरीजच्या रस्त्यालाच होतं. पुढे पत्र्याची शेड, मागे घर, घराच्या मागे केळीची वाडी. इंजिनाच्या कामाला तो हात लावत नसे. गाडीचा एसी, बस्स. गार होत नाही, हवा मारत नाही, पाणी गळतं, वास येतो, असल्या तक्रारी घेऊन पार विरारपासून माणसं यायची. आणि गंमत बघा, ज्याच्याकडे गार हवेसाठी एवढी माणसं यायची त्याच्या स्वतःच्या हाताला गार काय नि गरम काय, कळतच नसे. तरुणपणी मुंबईत नोकरीला असताना एकदा नळी सुटली आणि एसीचा गॅस थेट दोन्ही पंजांवर बसला. तो गॅस थंडीने भाजतो. कातडी परत आली, पण आतली जाणीव काही आली नाही.

त्यावर त्याला सापडलेला इलाज म्हणजे त्याची बायको, सेलिन. गाडीत गॅस भरताना लुईस बॉनेटखाली डोकं घालून उभा राही आणि हाक मारी, "सेलिन, ये गं जरा!" मग ती चुलीवरचं उतरवून, गाऊनला हात पुसत यायची आणि ड्रायव्हरच्या बाजूच्या सीटवर, म्हणजे डावीकडे, बसायची. हवा येते त्या जाळ्यांवर तळहात ठेवायचा. आधी डावी जाळी, मग मधल्या दोन, मग पार वाकून उजवीकडची. हात ठेवला की हवा अडते आणि आतल्या पंख्याचा सूर किंचित चढतो. बॉनेटखाली लुईसला ते बरोबर कळायचं. आता डावीवर आहे, आता मधे आली. इंजिनाच्या घरघरीत बोलणं ऐकू येत नाही, म्हणून दोघांचं ठरलेलं होतं. डॅशबोर्डवर बोटाच्या पेराने एक ठोका म्हणजे हो, गार आहे. दोन ठोके म्हणजे नाही.

बाई ठोक्याला पक्की होती. गिऱ्हाईक घाईला आलेलं असो, लुईस कंटाळलेला असो, गार नसेल तर दोन म्हणजे दोन. "अगं, मार की एक, जाऊ दे त्यांना," असं तो चिडून म्हणायचा. ती हसायची. "मी नाही बाबा खोटं सांगणार. वर गेल्यावर तू येणार आहेस का माझ्या वतीने बोलायला?"

गेली ती वर. पावसाळ्यात कावीळ झाली, साधी कावीळ आहे, उतरेल, असं म्हणता म्हणता बाई हातची गेली. लुईसने मग एक थर्मामीटर आणला आणि हवेचा जोर बघायला जाळीला वर्तमानपत्राची पट्टी लावू लागला. काम अडलं नाही. फक्त सवय जाईना. बॉनेटखालून तो विचारून बसायचा, "कसं गं?" आणि मग आपलं आपणच डोकं बाहेर काढून थर्मामीटर बघायला जायचा. गिऱ्हाइकं दुसरीकडे बघत उभी राहायची.

२

दसरा होऊन गेला होता आणि ऊन नुसतं भाजून काढत होतं, तेव्हा ती पांढरी गाडी आली. जुनीच, पण निगा राखलेली. चालवत होता विघ्नेश नावाचा तिशीतला मुलगा, चंदनसारला राहणारा. मागच्या सीटवर त्याची आई होती, आशालताबाई. पुढची डावी सीट रिकामी.

"काका, एसी चालू आहे, गार पण आहे, पण हवाच नीट मारत नाही," विघ्नेश म्हणाला. "त्या डाव्या साइडची तर येते आणि मधेच एकदम बंद. परत येते. म्हणजे कसं सांगू, कोणी हात ठेवल्यासारखं."

"ताई, पुढे बसायचं ना," लुईस बाईंसाठी दार उघडत सहज बोलला. "मागे उकडतं."

"मला मागेच बरं वाटतं," त्या म्हणाल्या. उतरल्या, पण शेडमध्ये टाकलेल्या खुर्चीवर बसल्या नाहीत. गाडीजवळच उभ्या राहिल्या. मग थोडं थांबून, मुलगा फोनवर बोलतोय असं बघून, हळूच म्हणाल्या, "भाऊ, आतलं फार काढू-घालू नका हं. ह्यांची गाडी आहे. मार्चमध्ये गेले हे. विघ्नेशला विकायची आहे, म्हणून त्याची सगळी घाई."

सेलिन जुलैत गेली होती. मार्च काय आणि जुलै काय, शेवटी दोघांचं दुःख एकच. "जेवढं लागेल तेवढंच काढीन, ताई," तो म्हणाला. त्या दोघांना रिक्षात बसवून दिलं आणि कामाला लागला.

३

हवा अडते म्हणजे कारणं ठरलेली असतात. पंख्यात पाला अडकतो. थंड कॉईलवर बर्फ धरतो आणि हवेला वाटच राहत नाही. नाहीतर हवा इकडे-तिकडे वळवणारी आतली झडप ढिली पडते. लुईसने सामानाचा कप्पा उतरवला, आत बॅटरी मारून पाहिलं. पंखा साफ होता. कॉईल कोरडी. झडपेवरचा फोम मात्र झिजून सुटला होता आणि त्याचा एक तुकडा डाव्या नळीच्या तोंडाशी लोंबत होता. हवा आली की तुकडा उडायचा, तोंडाला चिकटायचा, परत पडायचा. सापडला चोर! लुईसने नवा फोम लावला, कप्पा परत बसवला, पट्टी धरून पाहिली. झकास फडफडत होती.

मग गॅस थोडा कमी वाटला म्हणून इंजिन चालू ठेवून तो बॉनेटखाली गेला. नळी लावली, काट्यावर नजर ठेवली. आणि आतल्या पंख्याचा सूर किंचित चढला.

त्याने मान वर केली नाही. सूर उतरला, परत चढला, जरा वेगळा. मधल्या जाळ्या. परत उतरला, चढला. उजवी. मग शांत, नुसती पंख्याची घूं घूं. लुईस काट्याकडे बघत राहिला. त्याला काटा दिसत नव्हता. तोंडातून सवयीने निघून गेलं, "कसं गं?"

डॅशबोर्डवर ठोका पडला. एकच.

बाहेर येऊन त्याने पाहिलं तर गाडीत कोणी नाही. रस्त्यावरून एक टेम्पो नारळ घेऊन चालला होता, पलीकडे कोणाच्या तरी रेडिओवर गाणी लागली होती. दिवसाउजेडी, भर दुपारी. पत्रा तापला-निवला की आवाज करतो, हे लुईसला कोणी सांगायला नको होतं. प्लॅस्टिकही करतं. झडपेला नवा फोम लावलाय, ती आदळत असेल. हे सगळं त्याने स्वतःला मोठ्याने सांगितलं. झडपेची तार काढून ठेवली, म्हणजे ती हलायलाच नको. परत बॉनेटखाली गेला. यावेळी त्याने मुद्दाम कॉम्प्रेसरचं कनेक्शन सोडलं. आता हवा येईल, पण कोमट. थोडा थांबला, आणि विचारलं, "गार आहे?"

दोन ठोके.

कनेक्शन लावलं. नळी हळूहळू गार पडून तिच्यावर पाण्याचे थेंब जमेपर्यंत वाट पाहिली. "आता?"

एक.

लुईस तिथेच, बॉनेटच्या कडेला डोकं टेकून रडला. भीती वाटायला हवी होती, नाही वाटली. खरं सांगायचं तर पावसाळ्यापासून त्याला इतकं बरं कधीच वाटलं नव्हतं.

४

विघ्नेशचा फोन आला. "काका, झाली का गाडी?"

"पार्ट यायचाय मुंबईहून," लुईस म्हणाला.

पार्ट कसला आणि काय! गाडी शेडच्या आतल्या बाजूला, घराच्या भिंतीला लागून उभी होती आणि लुईस दुसरी कामं उरकून रोज संध्याकाळी तिचं बॉनेट उघडून उभा राहत होता. इंजिन चालू करायचं, पंखा लावायचा आणि बोलायचं. आपल्या घरच्या बोलीत, नवरा-बायको बोलतात तसंच. आज मासे महाग होते गं, बोंबलांवरच भागवलं. कोपऱ्यातली केळ व्याली, घड मोठा आहे, विकू का? एक ठोका. सकाळचा भात उरलाय, रात्री तोच खाऊ? दोन ठोके. मग तो हसून म्हणायचा, "बरं बरं, नवा घालतो," आणि खरंच नवा भात घालायचा. दाढी रोज करू लागला. शेजारचा फर्डिनंड म्हणाला सुद्धा, "काय रे, माणसात आलास म्हणायचं!"

तसं खटकणारं एक होतं. सेलिनचा हात जाळ्यांवरून फिरायचा तो कामापुरता. तपासलं की झालं, स्वयंपाकघरात चालती व्हायची. हे मात्र इंजिन बंद करेपर्यंत थांबायचं. आणि अलीकडे हात मधल्या-उजव्या जाळ्यांकडे जातच नव्हता, नुसता डावीवर. सूर एकदा चढला की चढलेलाच राहायचा. जाळी सबंध झाकून धरल्यासारखी. लुईस तिकडे लक्ष देत नसे. दमली असेल, तो मनाशी म्हणायचा.

सगळं विचारून झालं, पण एक गोष्ट त्याने कधी विचारली नाही. ज्याचं उत्तर आपल्याला माहीत आहे ते कशाला विचारायचं, असा त्याचा हिशोब होता.

५

ऑल सोल्सचा दिवस उजाडला. वसईत त्या दिवशी घरोघरची माणसं सिमेट्रीत जातात. आधीपासून कबरी घासूनपुसून ठेवलेल्या असतात, त्यांवर झेंडूची फुलं, मेणबत्त्या. दिवेलागणीला फादर येऊन आशीर्वाद देतात तेव्हा सगळं आवार उजळलेलं असतं. ज्याच्या कबरीवर मेणबत्ती नसते त्याचं कोणी उरलं नाही, असं लोक समजतात.

फर्डिनंड मेणबत्त्यांचा पुडा घेऊन शेडच्या दारात आला. "चल, लुईस."

"तू हो पुढे."

"पुढे काय हो? पहिलंच वर्ष तिचं. आज नाही तर कधी जायचं?"

"येतो म्हटलं ना!" लुईस खेकसला. फर्डिनंड मान हलवत निघून गेला.

लुईसला राग आला होता. तिकडे मातीपाशी जाऊन काय करायचं? इथे माझी बायको आहे, आणि मी तिला एकटी टाकून तिच्या कबरीवर फुलं वाहू? त्याने इंजिन चालू केलं. बॉनेटखाली वाकला. बाहेर अजून पुरता अंधार पडला नव्हता, चर्चची घंटा वाजत होती. पंख्याचा सूर चढला आणि लुईसचा जीव सुपाएवढा झाला.

"फर्डिनंडला काय कळतंय गं," तो म्हणाला. "तू आहेस ना इथे?"

एक ठोका.

"मग झालं तर! माझी सेलिन इथे आहे. हो ना? सेलिनच ना तू?"

पंखा फिरत राहिला. मग दोन ठोके पडले.

चुकून पडले असतील. लुईसने ओठ ओले केले. "सेलिन ना?" त्याने परत विचारलं, आणि त्याचा आवाज त्यालाच परका वाटला.

दोन. जोरात नाही, रागाने नाही. सावकाश, समजावल्यासारखे.

लुईस बॉनेटखालून मागे सरला. त्याला फसवलं असतं तर निदान शिव्या तरी घालता आल्या असत्या. पण ते कधी खोटं बोललंच नव्हतं. त्यानेच कधी विचारलं नव्हतं. चाचपडत त्याने चावी बंद केली. गाडीच्या काचेतून आत बघायचं नाही एवढंच ठरवून, भिंतीला धरून तो घरात गेला. ओट्यावर बसला तेव्हा सिमेट्रीतून माणसं परतत होती, त्यांच्या कपड्यांना मेणाचा आणि झेंडूचा वास होता. आता कुठल्या तोंडाने जायचं? एवढ्या उजेडात आज त्याच्या सेलिनचा दगड तेवढा काळोखात राहिला होता.

६

सकाळी उजेडात डोकं चालायला लागलं. ज्याची गाडी त्याचा माणूस. सेलिन नाही म्हणजे गाडीच्या कागदांवर नाव आहे ते शांताराम, दुसरं कोण? आशालताबाईंचे यजमान. बिचारे आपल्याच गाडीत बसलेत, आणि आपण त्यांना बोंबलांचा भाव सांगतोय! लुईसला शरम वाटली आणि जिवात जीवही आला. सेलिन गेली ते गेलीच, पण निदान ज्याचं त्याला परत करू. त्याने लगेच विघ्नेशला फोन लावला. गाडी झालीय, घेऊन जा. आईंना आणा.

दोघं आली. विघ्नेश रस्त्यापलीकडे सिगारेट ओढायला गेला आणि आशालताबाई नेहमीसारख्या मागच्या सीटवर बसल्या. लुईस दाराशी वाकला. बाईच बोलल्या.

"तुम्हालाही कळलं ना, भाऊ? तुमच्या तोंडावरच दिसतंय."

"कळलं, ताई."

बाईंनी डोळ्यांना पदर लावला. "ह्यांना गार हवा सोसायची नाही. छातीत कफ. मी आणि विघ्नेश उकाड्याने मरतोय म्हणून एसी लावू द्यायचे, आणि स्वतः पुढे बसून ती डावी जाळी सगळा रस्ताभर हाताने झाकून धरायचे. हे गेल्यावर आठवड्याभरात हवा अडायला लागली. विघ्नेश म्हणतो बिघाड. मी काही बोलत नाही. ती सीट मोकळी ठेवते, एवढंच." त्या पुढे सरकल्या. "पण भाऊ, मनात येतं हो. मी म्हणतेय म्हणून का ते तेच असतील? कधी कधी भीती वाटते. कोणाला विचारू?"

"विचारता येतं," लुईस म्हणाला. त्याने त्यांना ठोक्यांचं सांगितलं. एक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. उत्तर खरं येतं, हेही सांगितलं. का आणि कसं कळलं ते सांगितलं नाही.

"मग तुम्हीच विचारा. माझ्या तोंडून नाही निघायचं."

लुईस पुढे गेला. त्याला उत्तर माहीत होतं. इंजिन चालू केलं, बॉनेट उघडलं, वाकला. सूर चढला. डावी जाळी.

"शांताराम ना आपण?" त्याने मोठ्याने, बाईंना ऐकू जाईल असं विचारलं. "आशालताताईंचे यजमान?"

दोन ठोके.

लुईस वाकलेलाच राहिला. गरम इंजिनाची धग त्याच्या तोंडावर येत होती. मग कोण, हा पुढचा प्रश्न त्याच्या जिभेवर आला आणि त्याने दात घट्ट मिटले. याला हो-नाहीमध्ये उत्तर नव्हतं, हे एक झालं. दुसरं म्हणजे, उत्तर आलं असतं तर?

"काय म्हणाले?" मागून बाईंचा आवाज आला. "भाऊ, इंजिन-पंख्याच्या आवाजात मला नीट ऐकू आलं नाही. किती?"

त्याने बॉनेट खाली घेतलं. बाई दोन सीटच्या मधून मान पुढे काढून त्याच्याकडे बघत होत्या. लुईसने तो चेहरा ओळखला. गेले दोन आठवडे दाढी करताना आरशात त्याला तोच दिसत होता.

"एक," तो म्हणाला. "हो म्हणाले, ताई."

आशालताबाईंना रडू फुटलं आणि रडता रडता त्या हसू लागल्या. विघ्नेश धावत आला, काय झालं, काय झालं. "काही नाही रे," त्या म्हणाल्या. "गाडी विकायची नाही. सांगून ठेवते." आणि त्या खाली उतरल्या, पुढे आल्या, आणि इतके महिने मोकळ्या ठेवलेल्या सीटवर, अंग चोरून, कोणाच्या तरी शेजारी बसावं तशा बसल्या.

"ताई, मागेच बसा," लुईस म्हणाला. "मागे बरं."

"आता कशाला मागे?"

तो खिडकीशी उभा होता म्हणून त्याला दिसलं. डाव्या जाळीच्या पट्ट्या काचेच्या दिशेला वळलेल्या होत्या, काम करताना लुईसनेच वळवल्या होत्या. त्या हळूहळू, एकेक करून, बाईंच्या तोंडाकडे वळल्या.

"बघा, किती छान गार लागतंय," बाई म्हणाल्या आणि डोळे मिटून घेतले. विघ्नेशने हॉर्न दिला आणि गाडी विरारच्या दिशेने निघून गेली. लुईसने थांबा म्हणून हात वर केला होता. त्यांना वाटलं, निरोप देतोय.

७

तो तसाच, अंगावरच्या तेलकट कपड्यांनी सिमेट्रीत गेला. कालची फुलं कोमेजली होती, दगडादगडावर मेणाचे ओघळ वाळून पडले होते. सेलिनचा दगड कोरडा होता. लुईसने मेणबत्ती लावली. वारा होता म्हणून तळहाताचा आडोसा धरून बसला. हाताला जाळ लागतोय हे कातडी करपल्याचा वास आल्यावर त्याला कळलं. तरी त्याने हात काढला नाही.

"खोटं सांगून आलो गं," तो म्हणाला. "त्या बाईला खोटं सांगून आलो. तू असतीस तर दोनच सांगितले असतेस."

मग तो ऐकत बसला. दगड होता तो, आणि दगडासारखाच गप्प होता. लुईसला पहिल्यांदाच नीट कळलं, की सेलिन गेली.